रात्री भूल देणारे डॉक्टर असतात का?

परवा मामेबहिणीचा फोन आला. तिला सातवा महिना लागलाय. म्हणाली, "ताई, ते पाठीतलं इंजेक्शन घेऊ का गं? इथे सगळे नको म्हणतात." फोनवर सगळं सांगणं जमलं नाही. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या बाकीच्यांसाठी इथे सविस्तर लिहिते.

माझी दोन्ही बाळंतपणं नॉर्मल झाली. पहिलं 2018 साली, रीतीप्रमाणे माहेरी, सातारा जिल्ह्यात. कळा रात्री अकराला सुरू झाल्या. दोनच्या सुमारास मी सिस्टरना म्हटलं, मला एपिड्युरल हवंय, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं ते पाठीतलं इंजेक्शन. त्यांना आधी वाटलं मी सिझर मागतेय. मग म्हणाल्या, "भूल देणारे सर बाहेरून येतात, तेही सिझर असलं तरच. आता एवढ्या रात्री कोण येणार?" दंडात एक इंजेक्शन दिलं. त्याने गुंगी आली, कळा मात्र तशाच. गुंगीतली कळ जास्त वाईट, कारण ती येताना कळत नाही, एकदम मध्येच गाठते. समोरच्या भिंतीवर पंख्याचा रेग्युलेटर होता. त्यावरचे 1, 2 आणि 5 एवढेच आकडे शिल्लक होते, बाकीचे पुसले गेले होते. रात्रभर मी त्या तीन आकड्यांकडे बघत होते.

सकाळी सव्वानऊला मुलगी झाली. तिला छातीवर ठेवलं तेव्हा मला आनंद झाला नाही. संपलं एकदाचं, एवढंच वाटलं. हे मी चार वर्षं कुणाजवळ बोलले नाही, नवऱ्याजवळसुद्धा नाही.

दुसऱ्या वेळी, 2022 मध्ये, मी पुण्यातच राहायचं ठरवलं. सहाव्या महिन्यात डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच विचारला: रात्री भूल देणारे डॉक्टर इथेच असतात का? होत्या. त्यांची आधी वेगळी भेट ठरवून दिली. मॅडमनी प्लेटलेट्सचा रिपोर्ट बघितला, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का विचारलं, पाठीचं काही ऑपरेशन झालंय का विचारलं. आई सोबत होती. तिने सरळ विचारलं, "जन्मभर कंबर धरते म्हणतात, खरं का?" बाळंतपणानंतर कंबर पुष्कळ जणींची दुखते, इंजेक्शन न घेतलेल्यांचीही, असं मॅडम म्हणाल्या. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2018 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. त्यातही एपिड्युरलमुळे कायमची कंबरदुखी लागते किंवा सिझरचं प्रमाण वाढतं असं आढळलं नाही. मणक्यातल्या नसेला सुई लागेल, ही माझी भीती. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो आणि सुई त्याच्या खाली, मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेर थांबते, हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं.

आता प्रत्यक्षातलं. पिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडलं होतं. आधी सलाइन लावलं, कारण औषधाने बीपी उतरतं. मग पलंगाच्या कडेला बसवलं, उशी पोटाशी धरायला दिली आणि मांजरासारखी पाठ फुगवा म्हणाल्या. पाठीवर गार औषध फिरवलं. जागा बधिर करायचं बारीक इंजेक्शन चुरचुरलं, त्यानंतर नुसता दाब जाणवला. कठीण काय, तर ऐन कळेत न हलणं. मॅडम म्हणाल्या, "कळ आली की सांगा, मी थांबते." त्या खरंच थांबायच्या. नळी आत सरकताना डाव्या पायात विजेसारखी एक चमक गेली आणि लगेच विरली. सुई बाहेर काढतात, आत राहते ती शेवयीएवढी बारीक नळी. ती पाठीवरून खांद्यापर्यंत चिकटपट्टीने लावली. औषध आधी थोडंसं देऊन बघितलं, मग पुढचं.

वीसेक मिनिटांत कळा लांब गेल्या. मशीनच्या कागदावर डोंगर उमटत होते, मला मात्र पोट नुसतं घट्ट झाल्यासारखं वाटायचं. फक्त उजव्या जांघेच्या वर, पोळीच्या चतकोराएवढ्या जागेत कळ तशीच राहिली. सगळीकडे शांत आणि तेवढ्याच तुकड्यात पहिल्यासारखी आग. मी बोटाने दाखवलं. मॅडमनी स्पिरिटचा बोळा फिरवून कुठे गार लागतं ते बघितलं, मला उजव्या कुशीवर वळवलं आणि आणखी औषध दिलं. पंधरा मिनिटांत तोही तुकडा निवला. हे मुद्दाम सांगते, कारण एखादी जागा राहू शकते. गप्प बसू नका, बोट ठेवून दाखवा.

त्रासही झाला. दात वाजेपर्यंत थरथर सुटली, नाकाला खाज सुटली, पाय जड झाले, लघवीसाठी नळी घालावी लागली. बीपी एकदा उतरलं, लगेच औषध देऊन वर आणलं. शंभरात एखादीला नंतर तीव्र डोकेदुखी होऊ शकते, हेही त्यांनी सहीआधी सांगितलं होतं. जोर कधी लावायचा ते मला नीट कळत नव्हतं, सिस्टर पोटावर हात ठेवून सांगायच्या. बिलात एपिड्युरलचे बारा हजार वेगळे होते. सगळ्यांना ते परवडत नाहीत, याची मला जाणीव आहे. दुखणं कमी करायची सोय पैशांवर आणि गावावर अवलंबून असावी, याचा मला मनापासून राग येतो.

मुलगा झाला तेव्हा मी पूर्ण जागी होते. त्याच्या कानावरची लव मला दिसली. तो रडायचा थांबून माझ्याकडे बघत राहिला आणि मी पोटभर रडले.

घरी आल्यावर एकदा शेक देताना आईने पाठीवरची ती जागा शोधली. बारीक ठिपका होता. मी तिला सांगितलं, इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने 1853 साली आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म हुंगून घेतला होता. "राणीच ती," आई म्हणाली. शेगडीवर फडकं गरम करत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या वेळी दीड दिवस लागला. उशीचा कोपरा दातांनी फाडला मी. सकाळी सिस्टर ओरडली, सरकारी उशी फाडली म्हणून." तोवर सोसावंच लागतं एवढंच ती म्हणायची. उशीचं पहिल्यांदाच बोलली.

परवा मामेबहिणीचा फोन चालू असताना आई शेजारी मेथी निवडत होती. तिने हात पुसले आणि फोन माझ्याकडून घेतला.

"हे बघ, घ्यायचं का नाही ते तू ठरव," ती भाचीला म्हणाली, "पण रात्री भूल देणारे डॉक्टर तिथे असतात का, ते उद्याच जाऊन विचारून ये."