तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही स्वतःला माती का म्हणतो

‘तुम्ही ख्रिस्ती लोक प्रार्थनेत सारखं स्वतःला पापी, धूळ, माती म्हणता. त्यानं माणूस खचत नाही का?’ हा प्रश्न मला ऑफिसात विचारला गेलाय, प्रवासात विचारला गेलाय, घरातल्या तरुण मुलांनीही विचारलाय. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काळजी असते, म्हणून दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटत नाही.

राखेच्या बुधवारी आमचा उपवासकाळ सुरू होतो. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जपून ठेवतात आणि पुढच्या वर्षी जाळून त्यांची राख करतात. फादर त्या राखेत अंगठा बुडवून कपाळावर क्रूस काढतात आणि म्हणतात, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. हे बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातलं. हिब्रूत ‘आदाम’ म्हणजे माणूस आणि ‘अदामा’ म्हणजे जमीन, इतके ते शब्द एकमेकांना लागून आहेत. राख बारीक असते, थोडी नाकावर सांडते. रांगेत पुढे एखादे डॉक्टर असतात, मागे झाडलोट करणारी बाई, तिच्या कडेवर बाळ. सगळ्यांना तोच क्रूस, तेच वाक्य. त्या रांगेत मला कधी अपमान वाटला नाही, हायसंच वाटत आलंय. वर्षभर आपण कोणीतरी असल्याचं ओझं वागवत असतो, ते तेवढ्यापुरतं खाली ठेवता येतं.

आणि ज्या पवित्र शास्त्रात हे आहे, त्यातच आठवं स्तोत्र आहे. चंद्रतारे पाहून स्तोत्रकर्ता देवाला विचारतो, माणूस असा कोण लागून गेला की तू त्याची आठवण ठेवावीस? लगेच पुढे म्हणतो, तरी तू त्याला गौरवाचा मुकुट घातलास. येशूनंही हेच सांगितलं. कवडीमोलानं विकल्या जाणाऱ्या चिमण्यांतली एकसुद्धा पित्यावाचून जमिनीवर पडत नाही, आणि तुमच्या तर डोक्यावरचे केसही मोजलेले आहेत. मी लहान आहे, पण मोजलेली आहे. यावर माणूस खचेल कसा?

खचतो, जेव्हा या शिकवणीचा कोणी हत्यार म्हणून वापर करतं. मार खाणाऱ्या बाईला ‘नमतं घे, प्रभूनंही सोसलं’ असं सांगणारे आमच्यात आहेत. मला ते मुळीच मान्य नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांपैकी एकाचा, १८वा अध्याय काढून बघा. चौकशीच्या वेळी एका शिपायानं येशूच्या थोबाडीत मारली, तेव्हा तो गप्प राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर तसं दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्यानं विचारलं. नम्र माणसानं हा प्रश्न विचारायचा असतो.

त्याच शुभवर्तमानात, १३व्या अध्यायात, मरणाच्या आदल्या रात्री येशू कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. धरून देणारा यहूदा अजून तिथेच बसलेला असतो. पेत्र नावाचा शिष्य मात्र पाय मागे घेतो. तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, म्हणतो. येशू म्हणतो, तुला धुतलं नाही तर माझ्यासोबत तुला वाटा नाही. हा प्रसंग मी कितीतरी वेळा वाचला होता आणि दर वेळी येशूसारखं वाकायला शिकायचं एवढंच त्यातून घेतलं होतं. पेत्राकडे माझं लक्षच नव्हतं.

मग माझा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं केलेलं. आजारपणं काढली, बाळंतपणं काढली, आणि त्यामुळे मी नम्र आहे अशी माझी समजूत होती. तेव्हा धावून आली ती धाकटी जाऊ, जिच्याशी चार वर्षं मी कामापुरतं बोलत होते. पहिल्या दिवशी ती बादली घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, ‘राहू दे गं, माझं मी बघते.’ तिनं काही उत्तर दिलं नाही. पाण्यात कोपर बुडवून ते फार गरम नाही ना ते पाहिलं, खाली बसली आणि धड असलेला पाय मांडीवर घेतला. टाचेच्या भेगा मी पदरानं झाकू पाहत होते. तिनं पदर बाजूला केला आणि बोटांच्या बेचक्यांतून हळूहळू फडकं फिरवलं. मला रडू आलं, आणि पाय दुखतोय म्हणून नाही, हे तिलाही कळलं असावं. तोवर देण्याचा हात नेहमी माझाच वर होता. तो खाली घेणं मला जमत नव्हतं.

त्या रात्रीची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी नियमानं ते पुरुषच असायचे. २०१३मध्ये पोप झाल्यावर काही दिवसांतच फ्रान्सिस यांनी रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात जाऊन बारा कैद्यांचे पाय धुतले, त्यांत दोन मुलीही होत्या. पुढे २०१६मध्ये नियमच बदलला. तरी मी दर वर्षी घमेली आणि रुमाल मांडायचं काम मागून घ्यायचे. यंदा ते काम जावेनं घेतलं. मी चपला काढल्या आणि बाकावर जाऊन बसले.