बांगड्याचा नवस

आमच्या देवघरात समईच्या मागे सात खणांची एक प्लॅस्टिकची डबी असते. खणांवर मी कागदाचे तुकडे चिकटवून सो, मं, बु असं लिहिलंय. एकदा हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी करंडा समजून तिचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि "अगो बाय, ह्यां काय?" म्हणत घाईघाईने बंद केलं. त्या दिवसापासून गावात माझ्याविषयी दोन मतं आहेत. एक, मी गोळ्यांची पूजा करते. दुसरं, मी देवाला गोळ्या देते.

खरं कारण साधं आहे. गोळी मी विसरते, दिवा लावायला विसरत नाही.

सात वर्षांपूर्वी, निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना, शाळेत तपासणी शिबिर झालं आणि त्यात माझी साखर निघाली. मी तालुक्याच्या डॉक्टरांकडून गोळी घेऊन आले आणि संध्याकाळी रवळनाथाच्या देवळात गेले. डॉक्टरांवर विश्वास नव्हता अशातला भाग नाही. पण आमच्याकडे कुठलीही गोष्ट देवाच्या कानावर घातल्याशिवाय सुरू होत नाही. हात जोडले आणि म्हटलं, "देवा, साखर उतरू दे. मी मासे सोडते."

आता कोकणातल्या माणसाकडे सोडण्यासारखं असतं काय? मशेरी सासूबाईंबरोबर घरातून गेली. दागिन्यांची मला हौस नाही. राहिले दोनच, मासे आणि भात. भाताचं नाव त्या वेळी सुचलंच नाही असं मी पुढे बरीच वर्षं सांगत होते. सुचलं होतं. क्षणभर अगदी ओठावर आलं होतं. पण देवासमोर दिलेला शब्द पाळावा लागतो, म्हणून ते नाव तोंडातून बाहेर पडू दिलं नाही. साखरेच्या रोग्याने भात सोडून बांगडा सोडावा म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यातला प्रकार. पण त्याग केवढा मोठा वाटतो! ज्या घरात श्रावण संपायची वाट पोरंटोरं बोटं मोजून बघतात, त्या घरात एक बाई बारा महिने श्रावण पाळणार.

गावात माझं वजन वाढलं. (काट्यावरचं नव्हे, ते उतरलं.) लग्नात, जत्रेत, भजनी मंडळात लोक कौतुकाने सांगायचे, "बाईंनी मासे सोडलेत." घरात मात्र स्वयंपाक मीच करत होते. तिरफळं टाकून बांगड्याचं तिखलं रटरटत असायचं आणि मी चव न घेता मीठ घालायची. यजमान सात वर्षं एकच वाक्य बोलले, "आज मीठ कमी."

साखर उतरली. त्यात डॉक्टरांच्या मेटफॉर्मिनचा आणि रोज संध्याकाळी किनाऱ्यावर चालण्याचा वाटा होता, हे मला कळत होतं. तरी श्रेय सगळं देवाच्या खात्यावर जमा केलं. गोळीच्या नावावर काही जमा करायची आपल्याकडे पद्धतच नाही. गोळीला दोष देतात फक्त.

मग पाचव्या-सहाव्या वर्षी पाय वेडेवाकडे वागायला लागले. आधी तळव्यांना मुंग्या. नंतर सांडलेल्या रांगोळीवर अनवाणी चालल्यासारखं वाटायचं, तेही पुसून काढलेल्या लादीवर. एकदा बाजारातून घरी पोचले तर एकाच पायात चप्पल. दुसरी कुठे गळून पडली ते पायाने मला सांगितलंच नाही. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा, म्हणून न्हाणीत एक हात भिंतीला लावून तोंड धुवायची सवय लागली. अबोलीचा वळेसर करताना सुई टोचली तरी कळायचं नाही. फुलावर रक्ताचा ठिपका दिसला की मग कळायचं. जीभ गुळगुळीत लाल झालेली, साधी हिरवी मिरची सहन होईना. आणि नावं आठवेनात. पस्तीस वर्षं हजेरी घेतलेली बाई मी, समोर उभ्या राहिलेल्या माझ्याच विद्यार्थ्याला "बाळा" म्हणून वेळ मारून न्यायची.

उपाय कमी झाले नाहीत. काशाच्या वाटीने तळवे घासून घेतले. तळवे काळे झाले, बरं वाटलं, दोन दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कापूर घालून खोबरेल झालं. अंगारा झाला. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली आणि मोहरी तडतडली नाही म्हणून त्याच घाबरल्या. गणपतीला आलेल्या मुलाने मुंबईहून जीवनसत्त्वांची भलीमोठी बाटली आणली, शंभर गोळ्यांची. ती घ्यायला लागल्यापासून लघवी पिवळीधमक व्हायला लागली, एवढा एक परिणाम निश्चित दिसला. ते रंगाचं काम बी-2 चं, शरीराला नको असलेलं ते बाहेर टाकतं. म्हणजे मुलाचे निम्मे पैसे मी रोज सकाळी वाहून देत होते.

तालुक्याला विचारलं तर उत्तर मिळालं, साखर आहे ना, मुंग्या येणारच. मीही मान डोलावली. एकदा का एक आजार नावावर लागला, की पुढचं सगळं त्याच्याच उताऱ्यावर चढवतात.

शेवटी भाची मला कुडाळला एका तरुण डॉक्टरणीकडे घेऊन गेली. माझ्या मुलीपेक्षा लहान असावी. तिने माझ्या तळव्यांना कापूस लावून पाहिला, एक चिमटा टणत्कार करून घोट्याला टेकवला, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं आणि मला पडता पडता धरलं. मग विचारलं, "मासे खाताच ना?"

"नाही. सोडलेत."

"कधीपासून?"

"सात वर्षं होतील."

"आणि साखरेची गोळी?"

"तीही तेव्हापासूनच."

तिने पेन खाली ठेवलं. "मावशी, मासे कोणी सोडायला सांगितले?"

मी गप्प. कोणी म्हणून सांगू?

रक्ताचा कागद आला त्यावर बी-12 समोर 118 लिहिलं होतं. खालची मर्यादा तिथेच छापलेली, 200 च्या आसपास. मग तिने मला समजावून सांगितलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा वर्गातल्या पुढच्या बाकावर बसल्यासारखी ऐकत राहिले. हे जीवनसत्त्व झाडाला बनवता येत नाही, प्राण्यालाही नाही. ते फक्त सूक्ष्म जिवाणू बनवतात, आणि आपल्यापर्यंत मासे, मटण, अंडी, दूध यांच्यातून येतं. दिवसाला लागतं किती, तर दोन-अडीच मायक्रोग्रॅम, डोळ्यांना दिसणारही नाही एवढं. यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो. आमच्या जुन्या घरातली भाताची कणगी मला आठवली. वरून भरणं बंद झालं तरी वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही, घरचे खात राहतात, आणि मग एका सकाळी मापटं तळाला खरवडतं. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की जे थोडं येतं तेही आतड्यातून नीट आत जात नाही. म्हणजे मी कणगीत भरायचं थांबवलं होतं आणि दारालाही कडी घातली होती.

"दूध घेता की नाही?" तिने विचारलं. चहात घेते, पळीभर. बाकी आमच्या घरात दूध म्हटलं की ते नारळाचं. सोलकढीत, आमटीत, खीर-रसात, सगळीकडे नारळच. आणि नारळाच्या दुधात हे बी-12 औषधालाही नसतं.

आणि कशात असतं? बांगड्यात. तारल्यांत. तिसऱ्यांत तर इतकं, की खाण्याच्या जिनसांत शिंपलीवर्गाचा नंबर अगदी वरचा. ज्या किनाऱ्यावर ओहोटीला बायका चिखलात वाकून ते मुठी भरभरून गोळा करतात, त्याच किनाऱ्यावर मी आरोग्यासाठी चालत होते.

इंजेक्शनं सुरू झाली. ते औषध लाल असतं, हे मला माहीत नव्हतं. कुंकवाचं पाणी असावं तसं, स्वच्छ तांबडं. त्यातल्या कोबाल्ट धातूभोवतीच्या रचनेचा तो रंग, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला त्या रंगाने उगीच धीर आला. पांढरं असतं तर एवढा आला नसता.

'जीवनसत्त्व' हा शब्दही मी तेव्हापासून नीट ऐकायला लागले. शाळेत तीस वेळा फळ्यावर लिहिलेला. अ, ब, क, ड, आणि त्यांच्या अभावी होणारे रोग, जोड्या जुळवा. पण सत्त्व हा काही प्रयोगशाळेतला शब्द नव्हे. नाचणीचं सत्त्व असतं, सत्त्वपरीक्षा असते. ज्याने कोणी हा शब्द घडवला त्याच्या घरी पोथी वाचली जात असणार.

फावल्या वेळात वाचताना मला लूसी विल्स भेटली. ही इंग्रज डॉक्टर 1928 साली मुंबईला आली, कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका जीवघेण्या पंडुरोगाचा, म्हणजे रक्तक्षयाचा, छडा लावायला. रोग जंतूंचा नव्हता. अन्नातच काहीतरी कमी पडत होतं. तिने त्या बायकांना यीस्टचा काळपट, खारट अर्क दिला, इंग्रज लोक पावाला लावतात तो मार्माइट, आणि बायका बऱ्या झाल्या. 1931 साली तिने हे छापलं. त्या अर्कातल्या अनोळखी द्रव्याला लोक बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. तेच पुढे फॉलिक अ‍ॅसिड ठरलं, बी-12 चं चुलत भावंड.

माझी आजी त्याच सुमारास परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. पहिल्या खेपेला ती पांढरीफटक पडली होती, जिना चढवेना, आणि गावच्या देवीला साडीचोळी बोलल्यावर सुधारली, असं घरात सांगतात. साडीचोळी नेसवली हे खरं, मी लहानपणी त्या साडीचा रंगसुद्धा ऐकलाय, हिरवा. पण अलीकडे मला उगीच वाटतं, तिला कोणीतरी मध्येच एक चमचा काळं, खारट काहीतरी चाटवलं असेल. पुरावा काही नाही. तिने सांगितलं नसेल, कारण ते गोऱ्या बाईच्या हातचं होतं.

डी जीवनसत्त्वाचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण त्यात मी नुसती बघी होते. आमच्या आळीत एका गृहस्थांना 60,000 युनिटची पुडी लिहून दिली होती, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. मासे वाळत घालायला जिथे ऊन पुरतं तिथे माणसांच्या हाडांना ते पुरत नाही, हाही कोकणातला एक चमत्कारच. दिवसभर पडवीत बसल्यावर दुसरं काय होणार! तर त्यांना पुडीने हुशारी वाटली, म्हणून ते ती रोज घ्यायला लागले. देवाचं तीर्थ थोडं जास्त प्यायलं तर काय बिघडतं, हा हिशेब. ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, भ्रमिष्टासारखं बोलणं; रक्तात कॅल्शियम वाढलं होतं. अ‍ॅडमिट करावं लागलं. बी-12 जादा झालं तर बहुतेक वाहून जातं, डी अंगात साठून राहतं. मी माझ्या डबीवर वारांचे कागद चिकटवले ते त्या आठवड्यात.

माझे पाय चौथ्या महिन्यात बोलायला लागले. आधी जीभ सुधारली, मग नावं परत आली, एकेक, शाळा सुटल्यावर वर्गात विसरलेलं दप्तर न्यायला पोरं येतात तशी. डाव्या पायाची करंगळी अजून झोपलेली आहे. मज्जातंतू फार उशिरापर्यंत उपाशी राहिले की काही परत येत नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. साखरेची गोळी चालू आहे तोवर बी-12 चीही चालू राहणार, मासे खाल्ले तरी.

पण मासे खायचे तर शब्द सोडवायला हवा.

रवळनाथाच्या देवळात गुरवाने कौल घ्यायला ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला लावल्या. यजमान, भाची आणि मी खाली बसलो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा रवळनाथा म्हाराजा, सात वर्सांमागे ह्या तुझ्या लेकरान तुझ्या पायाकडे शब्द दिल्यान. आज डॉक्टरान तिका मासे खावक सांगितल्यान. तर तिचो शब्द मोकळो कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघे.

पाकळी हलेना. दहा मिनिटं झाली. बाहेर कोणीतरी सायकल लावली. मी मनातल्या मनात देवाशी भांडत होते. तू मागितलं नव्हतंस हे खरं, मीच दिलं. पण घेताना तरी एक शब्द बोलायचास, बाई, हे नको, दुसरं काय ते दे. आणि तेवढ्यात उजवी पाकळी सुटली.

"सुटलंस गो," गुरव म्हणाला. "पण रिकाम्या हातान सुटाचा नसता. बदली कायतरी सोडूक होया."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. भाचीने छताकडे पाहिलं.

"भात," मी म्हटलं.

"दोनय वेळचो?"

"रात्रीचा."

"रात्रीचो तर रात्रीचो," गुरव म्हणाला आणि पाकळी उचलून माझ्या हातावर ठेवली.

त्या रात्री नाचणीची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं. सात वर्षांनी पहिल्यांदा चव घेऊन मीठ घातलं होतं. ताटावर बसले, बांगडा उलटा केला, पाठीचा कणा ओढायला गेले आणि हात चुकला. काटा बोटात शिरला. मी ओरडले.

"काय झाला?" यजमान घास थांबवून म्हणाले.

"टोचला," मी म्हटलं, बोट चोखलं आणि पुन्हा काटा काढायला घेतला.