घाटात तापलेला गिअरबॉक्स

मे महिन्यातली दुपार, परतवाड्यात ऊन नुसतं भाजत होतं. गॅरेजचं शटर अर्धं ओढून मी जेवायला बसलो होतो, तेवढ्यात चिखलदऱ्याच्या घाटातून फोन आला. गिऱ्हाईक ओळखीचं, जिनिंगवाले, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याचे. त्यांच्याकडे जुनी, सेकंडहँड घेतलेली ऑटोमॅटिक फोर-व्हील ड्राइव्ह आहे.

"मिस्त्री, गाडी ओढूनच नाही राह्यली. गिअर ऑइलचा लाल लाइट लागला, जळका वास येऊन राह्यला. मांगं माय बसून आहे."

"इंजिन बंद केलं काय?"

"हो, आत्ताच."

"चालू करा, भाऊ. एसी बंद. पी मध्ये, म्हणजे पार्किंगमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, बोनेट उघडा अन् ॲक्सिलेटर हलकंच दाबून ठेवा. मायले सावलीत बसवा, पाणी द्या."

माणूस घाबरला की पहिली चावी बंद करतो, आणि इथं तेच चुकतं. ऑटोमॅटिकचा तेलपंप इंजिनवर फिरतो. इंजिन थांबलं की तेल थांबतं, फॅनही थांबतो आणि गरम तेल आत तसंच उकळत बसतं. इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देतो तो कन्व्हर्टर. पी किंवा न्यूट्रलमध्ये त्याच्यावर भार नसतो, म्हणजे नवी उष्णता जवळपास तयार होत नाही, आणि जुनी कूलरमधून बाहेर पडत राहते.

मी मोटरसायकलने निघालो. पोचलो तेव्हा माय एका झाडाखाली पदरानं वारा घेत बसल्या होत्या. आधी त्यांच्याजवळ गेलो, त्या बऱ्या होत्या. मग इन्फ्रारेड थर्मामीटर गिअरबॉक्सच्या चेंबरवर, म्हणजे खालच्या तेलाच्या तबकावर धरला. 124. इंजिन तोवर वीसेक मिनिटं पी मध्ये चालू होतं, म्हणजे त्याआधी किती असेल! हे तेल 80 ते 95 अंशांत सुखानं काम करतं. 120 च्या वर ते जळायला लागतं.

"पण टेंपरेचरचा काटा तं मधातच होता," भाऊ म्हणाले. तो काटा इंजिनच्या पाण्याचा. गिअरबॉक्सच्या तेलाचं त्याला काही कळत नाही.

एसटीच्या मागे ते पंधरा-वीसच्या स्पीडनं, डी मध्येच, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हमध्येच चढत आले होते. अशा चढावर कन्व्हर्टर लॉक होत नाही, म्हणजे त्याची दोन्ही अंगं घट्ट जोडली जात नाहीत. आतलं तेल नुसतं घुसळलं जातं, आणि इंजिनची बरीच ताकद उष्णता होऊन तेलातच उतरते. त्यांनी विचारलं, फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या हळू गिअरमध्ये टाकायला पाहिजे होती काय? चिखलात, नाल्यात, ढेकळांच्या वावरात जरूर टाकावी, तिथं कन्व्हर्टरचा भार हलका होतो. पण ही गाडी पार्ट-टाइम, म्हणजे फोर-व्हीलमध्ये पुढची-मागची चाकं एकत्र जखडली जातात, आणि कोरड्या डांबरी वळणावर ती एकमेकांशी भांडतात. इथं सिलेक्टर, म्हणजे गिअरचा दांडा 2 वर घ्यायचा, म्हणजे गाडी वरचा गिअर घेत नाही, एवढंच.

तरी माझं मन भरत नव्हतं. घाट जुना, एसटी रोजचीच, गाडी मागच्या वर्षी हाच चढ चढून गेलेली. मग यंदाच काय झालं? एका गॅरेजनं त्यांना आधीच सांगितलं होतं, गिअरबॉक्स गेला, अडीच लाख लागतील. बॉक्स न उघडता असं सांगितलेलं मला अजिबात पटत नाही.

तापमान 100 च्या खाली आल्यावर गाडी हळूहळू परतवाड्याला उतरवली. जाळी काढली, गिअर ऑइलचा कूलर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मधे टॉर्च मारला, आणि पाहतच राहिलो. गोधडीच होती ती! रुई, धूळ, किडे, सगळं दाबून बसलेलं. हंगामभर, दिवाळीपासून होळीपर्यंत, गाडी जिनिंगच्या आवारात उभी असायची. उडालेली रुई फॅननं ओढून घेतली होती. गिअरबॉक्सचं तेल आधी रेडिएटरच्या खालच्या टाकीतून आणि मग या समोरच्या कूलरमधून थंड होऊन परत जातं. इथं हवेला वाटच नव्हती. हिवाळ्यात ते खपून गेलं, मेनं दाखवून दिलं.

भाऊंनी त्यातला एक पुंजका उचलला आणि सवयीनं दोन अंगठ्यांत धरून धागा ओढून पाहिला. "आमच्याच जिनातली," एवढंच बोलले.

रुई हातानं सोडवली, मग कूलर मागून पुढं, कमी दाबाच्या पाण्यानं धुतला. जोराचा फवारा मारला तर फिन्स वाकतात. तेल काढलं, गर्द तपकिरी, करपट वासाचं. माझा जीव चेंबरमधल्या, लोखंडाचा कीस धरणाऱ्या लोहचुंबकात अडकला होता. त्यावर फक्त बारीक राखाडी लेप निघाला, कीस नाही, क्लच प्लेटचे तुकडे नाहीत. बॉक्स वाचला होता! फिल्टर बदलला. चेंबरमधून निम्मंच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून मधे मधे गाडी चालवून तीनदा तेल बदललं.

चौथ्या दिवशी, तशाच उन्हात, आम्ही पुन्हा घाट चढलो, सिलेक्टर 2 वर. मायनं यायचा हट्टच धरला होता. सुमारे 1,100 मीटरवर, चिखलदऱ्यात गाडी थांबवून मी खाली वाकलो. 93.