शेजारची विकेट

परवा रविवारी दुपारी मोबाईलवर मॅच बघत होतो. बोलर चेंडू पँटीला घासत रन-अपच्या खुणेकडे चालला होता. अजून वळलासुद्धा नव्हता, तोच खालच्या मजल्यावरून "गेऽऽला!" अशी आरोळी आली. माझ्या पडद्यावर बॅट्समन शांतपणे ग्लोव्हजचे पट्टे आवळत होता. आपण आऊट झालोय हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

खालच्या काकांकडे केबल आहे. मोबाईलवर मॅच यायची तर तिचे आधी काही काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते सर्व्हरवर जाऊन बसतात आणि आपला फोन त्यातले दोनचार जमवल्याशिवाय पहिला दाखवत नाही. या सगळ्यात अर्धं मिनिट सहज जातं. 'टीव्ही आता कोण बघतं' असं चारचौघांत म्हणणारा मी, आणि विकेट मला कळते ती सत्तरीच्या काकांच्या घशातून. काका लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, "आवाज येतो का हो आमचा?" मी काय सांगणार!

लहानपणी आमच्या वाड्यात टीव्ही एकच होता, मालकांकडे. 1973 साली सिंहगडावरून मुंबई दूरदर्शन पुण्यात दिसायला लागलं, पण वाड्यात संच यायला पुढे दहाएक वर्षं गेली. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, मध्ये छायागीत. दारात चपलांचा ढीग. मालकीणबाईंचं "पाय धुऊन या रे" ठरलेलं. चित्राला मुंग्या आल्या की थोरला मुलगा पत्र्यावर चढायचा. एकजण जिन्यात, एकजण दारात.

"आलं का?"

"मुंग्या!"

"आता?"

"आलं, आलं... गेलं!"

'आलं' वरपर्यंत पोचायच्या आत त्यानं ॲण्टेना पुढं फिरवलेली असायची. खरं तर मला जिन्यातलं काम आवडायचं. चित्र दिसत नसे, पण दोन्हीकडची बातमी आपल्यावरून जायची.

जागा मिळावी म्हणून आम्ही इतके आधी जाऊन बसायचो, की 'आमची माती आमची माणसं'पासून सगळं बघावं लागे. त्यामुळे कुंडीतल्या तुळशीपलीकडे शेती न पाहिलेल्या आम्हा सदाशिव पेठी पोरांना कपाशीवरचा मावा कुठला आणि तुडतुडे कुठले हे नीट ठाऊक होतं. प्रदीप भिडे बातम्या द्यायला बसले की मालक "गप्प!" म्हणत, आणि वीसएक माणसं खरोखरच गप्प बसत. न मागितलेलं पुष्कळ काही त्या संचानं डोक्यात भरून ठेवलंय. फोन मात्र भारी आज्ञाधारक. मी एकदा मिक्सरचं भांडं शोधलं तर महिनाभर तो मला मिक्सर दाखवत राहिला. तुडतुडे कधीच नाहीत.

माणसं टीव्हीला किती वेळ देतात आणि इंटरनेटला किती, याच्या म्हणे पाहण्या होतात. त्या करणाऱ्यांनी एकदा आमच्या घरी यावं. आईच्या मालिकेचा उद्याचा भाग पैसे भरले की ॲपवर आजच बघता येतो. हे तिला नातीनं शिकवलं. त्यामुळे आई दुपारी जेवणानंतर आडवी होऊन मोबाईलवर भाग बघते आणि दुसऱ्या दिवशी रात्री तोच भाग टीव्हीसमोर बसून पुन्हा बघते. जाहिराती लागल्या की मिरजेच्या मावशीला फोन. मावशीकडे नुसता टीव्ही. "मला विचारशील तर ती चिठ्ठी आता सासूच्या हाताला लागणार बघ," असं आई म्हणते, आणि जाहिराती संपल्यावर चिठ्ठी लागतेच. मिरजेत आईच्या तर्कबुद्धीचा मोठा दबदबा आहे.

"अगं, मग दोनदा कशाला बघतेस?" मी विचारलं.

"दुपारी गोष्ट बघते. रात्री बसते."

आता हा रात्रीचा तास कुठल्या रकान्यात घालायचा? माझंही तेच. सिनेमा टीव्हीवर लागलेला, आणि 'हा नट आपण आधी कशात पाहिला' ते शोधायला फोन हातात. नट सापडेपर्यंत तो सिनेमात मेलेला असतो. 2020च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा लावलं, तेव्हा आम्ही सगळे सकाळी नऊला आंघोळी करून एका कोचावर बसलो होतो. मुलगी स्वयंपाकघरातून ओरडली, "पॉज करा, मी आले!" चालू टीव्ही थांबत नाही हे ऐकून ती थोडी दुखावलीच. चारेक दिवसांत ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या हातात आला. बाबा तेवढे शेवटपर्यंत बसले.

केबल आमच्याकडे अजून आहे ती बाबांमुळे. 2019 साली चॅनल निवडून घ्यायची पद्धत आली: 130 रुपये आणि वर कर, त्यात शंभर फुकटची चॅनल, पैशांच्या प्रत्येक चॅनलची किंमत वेगळी. इतरांनी केबलवाल्याला "नेहमीचं दे" म्हणून सांगितलं. बाबा यादी घेऊन दोन संध्याकाळ बसले. पेन्सिलीनं खुणा केल्या, काही खोडल्या, पाठकोऱ्या कागदावर बेरीज मांडली आणि महिन्याला किती पडतात ते खाली दोन रेघा मारून लिहिलं. ते गेल्यावरही तीच यादी चालू आहे. तिच्यात कानडी सिनेमांचं एक चॅनल आहे. घरात कानडी कुणाला येत नाही. बाबांनाही येत नव्हतं.

केबलवाला अधूनमधून विचारतो, "हे काढून टाकू का?" बायकोचं म्हणणं, खूण करताना ओळ चुकली असेल. आई म्हणते, "राहू दे, बघत असतील कधी दुपारचे." दुपारी घरात तीच असायची, तिला काही आठवत नाही. तो कागद मी एकदा काढून पाहिला. बेरजेत ते चॅनल धरलेलं आहे.