जावईबापूंनी केव्हा यावं?

दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात भाचीचा मेसेज. ‘मावशी, आमच्या साहेबांना भारत बघायचाय. बेस्ट महिना कोणता?’ खाली साहेबांची यादी: ताजमहाल, लडाख, वाघ, केरळची हाऊसबोट. रजा तीन आठवडे. जावईबापू डच आहेत. त्यांच्या देशात एका टोकाला पाऊस आला की दुसऱ्या टोकालाही छत्र्या उघडतात असा माझा समज आहे आणि तो मला बदलायचाही नाही.

‘ऑक्टोबर ते मार्च’ हे छापील उत्तर मलाही पाठ आहे. पण ऑक्टोबरात आपण छत्र्या माळ्यावर टाकतो, नेमक्या तेव्हाच चेन्नईवाले त्या बाहेर काढतात. त्यांचा मोठा पाऊस ईशान्येकडून येतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. २०१५ च्या डिसेंबरात तर तिथला विमानतळच पाण्याखाली गेला होता. बरं, ऐन थंडीत आग्र्याला जावं तर सकाळी धुकं. तिकीट काढून पांढऱ्यात पांढरं शोधत बसायचं. लडाखला मनालीकडून जाणारा रस्ता तेव्हा बर्फाखाली. आणि वाघोबा? जंगलात जागोजागी पाणी असताना तो बापडा कशाला ठरल्या जागी दर्शन देईल? ताडोब्यात त्याला बघावं ते एप्रिल-मेमध्ये. चंद्रपूरचा पारा ४५ वर गेला की पाणवठ्याशी येतो, वळतो आणि आधी पार्श्वभाग पाण्यात बुडवून ऐसपैस बसतो. बघणारे जिप्सीत भाजून निघतात.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. वडिलांची एलटीसी, म्हणजे नोकरीतली रजा-प्रवास सवलत, आणि आमची शाळेची सुट्टी यांचं जमायचं ते मे महिन्यातच, त्यामुळे भारत हा उकडणारा देश आहे यावर आम्हा भावंडांचं एकमत होतं. ट्रेनच्या खिडकीच्या गजांना ओला पंचा बांधलेला, फिरकीच्या तांब्यातलं पाणी दुपारपर्यंत आंघोळीला चालेल इतकं गरम. मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात चपला बाहेर ठेवल्या आणि आवारातल्या फरशीवर पाऊल टाकलं मात्र, मी किंचाळलेच. सगळी भाविक मंडळी सावलीच्या एका चिंचोळ्या पट्टीवरून, एकमेकांना खेटून, मुंग्यांसारखी चाललेली. आई निऱ्या उचलून टाचांवर पळतेय आणि वडील मागून ओरडताहेत, “अगं, गोपुराकडे बघा, गोपुराकडे!” गोपूर कोण बघतंय? मी ते मंदिर एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत पाहिलं, आणि अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. त्यानंतर गारेगार हवेत, सॉक्स घालून पाहिलेली कितीतरी देवळं मात्र एकमेकांत मिसळून गेली आहेत.

म्हणून असेल, पण प्रवासाहून येऊन ‘हवा काय छान होती हो!’ एवढंच सांगणारी माणसं मला आवडत नाहीत. हवेसाठीच जायचं तर महाबळेश्वर काय वाईट आहे? लोक मेघालयात जातात तेही पावसाळा टाळून. मौसिनरामला वर्षाला ११,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, गावाची सगळी ख्याती त्या पावसावर, आणि ही मंडळी डिसेंबरात कोरड्या रस्त्यावर उभं राहून पाटीसोबत फोटो काढून येतात. तिथल्या शेतात बायका पाठीवर बांबू आणि पानांची ढाल घेऊन वाकून कामं करतात, थेट आपल्या कोकणातलं इरलं. ते बघायचं तर जून-जुलैतच जायला हवं. भिजायला होईल, होऊ दे की.

हे सगळं जावईबापूंना कुठं सांगत बसणार! भाचीला लिहिलं, ‘सप्टेंबरअखेर या. लडाखचा रस्ता उघडा असेल, ताजमहाल पावसानं धुतलेला असेल, कासला फुलं असतील. ताडोब्याचा गाभा मात्र १ ऑक्टोबरला उघडतो, तेव्हा वाघ शेवटी ठेवा.’ मोठ्या अभिमानानं पाठवलं. तिचं उत्तर आलं, ‘थँक्स मावशी! पण रजा नाताळातच मिळते गं.’ म्हणजे एलटीसी सगळीकडे सारखीच.

माझं म्हणाल तर आसाम बघायचा राहिलाय. काझीरंगा पावसाळाभर बंद, ते ठीक. एप्रिलच्या मध्यावर जावं, बिहूचे ढोल ऐकावेत, गेंडे बघावेत, असं दरवर्षी मनात येतं. पण तेव्हा रत्नागिरीहून पेट्या यायला लागलेल्या असतात. आढी लावायची, रोज एकेक फळ उलटंपालटं करायचं, डागाळलेलं वेळेवर काढायचं. घरातल्या कुणावर टाकून जावं असं हे काम नाही.