माफी कोणी मागायची

पावणेदोन वाजलेत. पॅच पाठवून झाला, तरी झोप नाही.

सकाळच्या तक्रारीतलं शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाहीये. तक्रार साधी होती. माझा लोडर म्हणजे कर्नलमध्ये, लिनक्सच्या गाभ्यात, प्रोग्राम चढवणारं साधन. त्याची नवी आवृत्ती घेतल्यापासून एक्सडीपी प्रोग्राम, म्हणजे येणारी नेटवर्क पॅकेटं हाताळणारा प्रोग्राम, चढत नाही. 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' एवढंच येतं, आणि व्हेरिफायरचा, म्हणजे प्रोग्राम आत घेण्याआधी तपासणाऱ्या कर्नलच्या भागाचा, लॉग रिकामा. आणि खाली: 'आमचा कर्नल ५.१५ आहे. जुना आहे, माफ करा. पण कालपर्यंत चालत होतं.'

माफ करा. त्यांनी का मागावी माफी?

कारण सापडायला वेळ लागला नाही, आणि तेच जास्त लागलं. लॉग रिकामा आहे म्हणजे गोष्ट व्हेरिफायरपर्यंत पोचलेलीच नाही. तीन आठवड्यांपूर्वी मीच मोठ्या पॅकेटांची सोय केली होती, एका बफरमध्ये न मावणारं पॅकेटही प्रोग्रामला हाताळता यावं म्हणून. त्यासाठी प्रोग्राम लोड करताना फ्रॅग्जचा फ्लॅग, म्हणजे 'ही तुकड्यांतली पॅकेटं चालतील' असं सांगणारी खूण, द्यावी लागते. तो कर्नलमध्ये आला ५.१८ ला, २०२२ मध्ये. त्याआधीच्या कर्नलला अनोळखी फ्लॅग दिसला की तो दारातूनच परत पाठवतो, आत काय लिहिलंय ते वाचतही नाही. मी तो फ्लॅग सरसकट लावला. माझ्या मशीनवर नवा कर्नल, चाचण्याही तिथेच. सगळ्या पास.

दुपारी थोडा वेळ स्वतःचीच कीव करत बसले. सोबत काम करणारा सोडून गेल्यापासून हा लोडर मी एकटी ओढते. नवी सोय केली तर कोणी एका शब्दाने बोलत नाही, मोडलं की मात्र... जाऊ दे. बाबांचा फोनही उचलला नाही त्या भरात.

पण रागावणार कोणावर? त्या माणसाने तर माफी मागितली होती. तो ओरडला असता तर बरं झालं असतं असं राहून राहून वाटतं. कर्नलने वापरकर्त्याचे प्रोग्राम मोडायचे नाहीत, हा लिनक्सच्या जनकाचा, लिनस टोरवाल्ड्सचा, हट्ट सगळ्यांना माहीत आहे. कालचा प्रोग्राम आजच्या कर्नलवर चाललाच पाहिजे. उलट दिशेचं वचन मात्र कोणीच देत नाही, देऊही शकत नाही. २०२१ मध्ये निघालेल्या कर्नलला २०२२ चा फ्लॅग कसा ओळखू यावा? ती फट बुजवायला लोडर असतो. म्हणजे कर्नलने आपला शब्द पाळला, मी पाळला नाही, आणि माफी मागितली तिसऱ्याच माणसाने.

दुरुस्तीचा पहिला विचार आळसातून आला: कर्नलचा आकडा बघायचा, ५.१८ पेक्षा कमी असेल तर फ्लॅग काढायचा. लिहूनही टाकलं होतं. मग पुसलं. लिनक्सच्या काही वितरणांचा कर्नल स्वतःला ४.१८ म्हणवतो आणि त्यात पुढच्या आवृत्त्यांमधलं बरंच काही मागे आणून बसवलेलं असतं. आकडा फक्त नाव सांगतो. काय येतं, काय येत नाही, ते कर्नललाच विचारावं लागतं. लिबबीपीएफ, असे प्रोग्राम चढवायची नेहमीची लायब्ररी, हेच करतं, मी कितीदा तो कोड वाचलाय.

म्हणून आता दोन सूचनांचा चिमुकला प्रोग्राम: उत्तर ठेवायच्या आर-शून्य रजिस्टरमध्ये २ भरायचे, म्हणजे पॅकेट जाऊ दे, आणि बाहेर पडायचं. तो फ्लॅगसकट लोड करून बघायचा. चढला तर फ्लॅग चालतो. इथेही पहिल्या खेपेला चुकले, कुठलाही नकार म्हणजे 'फ्लॅग माहीत नाही' असं धरलं. पण परवानगी नसली तरी नकारच येतो. ५.११ च्या आधी तर लॉक केलेल्या मेमरीची मर्यादा संपली तरी तोच परवानगीचा नकार. आता तोच प्रोग्राम फ्लॅगशिवायही चढवून बघते. फ्लॅगसकट पडला आणि फ्लॅगशिवाय चढला, तरच फ्लॅगला दोष.

एका गोष्टीवर मात्र अडून बसले. फ्लॅग माझ्या लोडरने आपणहून लावला असेल तर तो गुपचूप काढायला हरकत नाही. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतः मागितला असेल तर काढायचा नाही, स्पष्ट सांगून थांबायचं. तो मोठी पॅकेटं येणार म्हणून बसलाय. त्याच्या नकळत मी सोय काढून घेतली, तर त्याला ते कळणार इंटरफेसला जोडताना, किंवा त्याहून वाईट वेळी.

हे सगळं झालं साडेअकराला. ५.१५ आणि ५.१० ची आभासी यंत्रं चाचण्यांत घातली, हे तीन आठवड्यांपूर्वी करायला हवं होतं. ५.१५ वर चढला. ५.१० वर दुसरंच काहीतरी पडतंय. पडू दे, निदान आता मला आधी दिसतंय.

उत्तर लिहायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. आधी सगळी हकीगत लिहिली, आकड्यांसकट. वाचून पाहिली तर मीच मला सोडवत होते. सगळं पुसलं आणि एवढंच पाठवलं:

'तुमचा कर्नल जुना नाही, चूक माझी होती. पॅच जोडलाय. चालतो का ते सांगाल?'