हॅलियार्ड घसरतो, दोष कुणाचा? क्लचदुरुस्तीची नोंद

वारा वाढला की मुख्य शिडाच्या पुढच्या कडेवर आडव्या सुरकुत्या पडायच्या. विंचवर (दोर वेढून ओढायच्या ड्रमवर) हॅलियार्ड, म्हणजे शीड चढवायचा दोर, ताणायचा, क्लचची (ताणलेला दोर पकडून ठेवणाऱ्या चापाची) मूठ दाबायची, सुरकुत्या गायब. तासाभराने परत हजर. अख्खा मोसम मी ‘शीड म्हातारं झालं’ म्हणून ते चालवून घेतलं. शिडाला उगाच बोल लावला, हे आता कबूल करतो.

होडी 31 फुटी आहे. केबिनच्या छपरावर दोन्ही अंगांना तीन-तीन क्लचचे संच आहेत. डावीकडे मुख्य हॅलियार्ड, टॉपिंग लिफ्ट (शिडाखालचा आडवा दांडा वर धरणारा दोर) आणि पहिल्या रीफचा, म्हणजे वाऱ्यात शीड खाली घेऊन लहान करायचा, दोर. उजवीकडे जिबचा (पुढच्या शिडाचा) हॅलियार्ड, किकर (तोच दांडा खाली ओढणारा दोर) आणि आउटहॉल (शिडाची खालची कड मागे ताणणारा दोर).

पहिला शनिवार

आधी मोजमाप. होडी धक्क्याला, वारा नाही. शीड पूर्ण चढवून हॅलियार्ड चांगला ताणला. क्लचपासून विंचकडे 20 सेंटीमीटरवर दोरात रंगीत दोरा ओवून खूण केली, क्लच बंद केला आणि विंचवरचे वेढे सोडले. खूण लगेच 3 सेंटीमीटर पुढे सरकली. तासाभरात आणखी 7.

लगेच सरकते त्याची फारशी चिंता करू नये. क्लचची रचनाच तशी आहे. ताणलेला दोर आतल्या फिरत्या दातेरी तुकड्याला, म्हणजे कॅमला, आपल्याबरोबर ओढतो आणि त्या ओढीनेच कॅम फिरून दोरात रुततो. रुतायला थोडी जागा द्यावीच लागते. दुखणं आहे ते नंतरच्या सात सेंटीमीटरचं.

मग अदलाबदल करून पाहिली. हॅलियार्ड शेजारच्या टॉपिंग लिफ्टच्या क्लचमध्ये घातला. तो क्लच वर्षातून चार वेळा वापरला जातो, त्याचे दात कोरे आहेत. तिथे एकूण 5 सेंटीमीटर सरकला. मग रीफचा जुना 12 मिलिमीटरचा पॉलिएस्टर दोर हॅलियार्डच्या क्लचमध्ये घालून, पुढचं टोक डोलकाठीच्या बुडाशी बांधून, तितकाच ताणला. तो 4 सरकला. हॅलियार्ड स्वतःच्या क्लचमध्ये 10. म्हणजे चोर दोन होते आणि दोघे मिळून काम करत होते.

दोराचा गुन्हा माझ्याच हातचा. दोन वर्षांपूर्वी 12 मिलिमीटरचा पॉलिएस्टर हॅलियार्ड काढून 10 मिलिमीटरचा डायनीमा (मजबूत कृत्रिम धागा) गाभ्याचा दोर घातला होता. ताणत नाही, हलका आहे, म्हणून मी खूश होतो. पण क्लच 10 ते 14 मिलिमीटरसाठी बनलेला. प्रत्येक क्लचला जाडीची एक पट्टी ठरलेली असते. स्पिनलॉक या क्लच बनवणाऱ्या कंपनीच्या नमुन्यांत ती नावातच असते: 0612 म्हणजे 6 ते 12 मिलिमीटर. त्या पट्टीच्या बारीक टोकाला पकड सगळ्यात कमी, हे मी वाचलेलं होतं, तरी विसरलो. शिवाय डायनीमा अंगानेच गुळगुळीत. दात धरतात ते वरच्या कवचाला. गाभा आतल्या आत सरकू शकतो.

दुसरा रविवार

डावा संच उघडला. ज्यांनी अजून उघडला नसेल त्यांच्यासाठी: दोर काढण्याआधी प्रत्येकाच्या पुढच्या भागात आठाची गाठ मारा, नाहीतर हॅलियार्ड डोलकाठीच्या पोटात पळतो आणि दिवस वाया जातो. दुसरं म्हणजे, खिळी काढताना क्लच पारदर्शक पिशवीत धरा. स्प्रिंग उडते. माझी उडाली, पिशवीतच राहिली, तेवढाच त्या दिवसाचा विजय.

कॅमचे मधले दात घासलेल्या कानशीसारखे गुळगुळीत होते, कडेचे मात्र अजून बोटाला लागत होते. आत मिठाची पांढरी भुकटी, आणि तिच्यावर आधीच्या मालकाने प्रेमाने चोपडलेलं ग्रीस. ग्रीसमध्ये वाळू अडकून त्याचं घासकामाचं मलम झालं होतं. क्लचच्या दातांना आणि दोराच्या वाटेला कुठलंही तेल लावायचं नसतं. मूठ जड झाली तर फक्त तिच्या खिळीला कोरडं पीटीएफई (टेफ्लॉनचं वंगण) पुरतं. बाकी गोडं पाणी, साबण आणि जुना टूथब्रश. उजव्या संचाला एवढंच केलं आणि मुठी नव्यासारख्या फिरू लागल्या.

डाव्याला नवा कॅम हवा होता, पण तो नमुना आता बनत नाही. म्हणून पूर्ण संच बदलायचं ठरवलं. लुमार कंपनीच्या डी-2 क्लचचा विचार केला होता. त्यात दातेरी कॅमऐवजी ओळीने तिरप्या होणाऱ्या कड्या दोराला धरतात, दोर कमी सोलतो. शेवटी कॅमचाच घेतला, कारण पुढेमागे क्लच डेकवरून न काढता कॅम बदलता येतो.

तिसरा आठवडा, आणि खरं काम

भाचा खाली केबिनमध्ये छताचं अस्तर उघडून पाना धरून बसला, मी वरून बोल्ट फिरवत होतो. “मामा, नट नाही, वॉशरसकट सगळंच फिरतंय!” चार बोल्ट निघाले. पाचव्याच्या मागे तपकिरी पाणी निघालं, कुजक्या लाकडाच्या वासासह.

आमच्या डेकमध्ये दोन फायबरच्या थरांमध्ये बाल्सा लाकूड आहे. कडक आणि हलकं, पण बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की स्पंजासारखं पितं. क्लच महिनोन्‌महिने शेकडो किलोच्या ओढीने डेकला हलवतो, सील तुटतं आणि पाणी आपली वाट शोधतं. म्हणजे हॅलियार्ड घसरत होता म्हणून मी वेळेत इथे पोचलो; नाहीतर छप्पर मऊ झाल्यावर कळलं असतं.

वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये बसवून प्रत्येक भोकाभोवतीचा ओला बाल्सा खरवडून काढला, वरचा-खालचा थर शाबूत ठेवून. आठ दिवस हीटर लावून वाळवलं. मग खालून टेप, आधी पातळ इपॉक्सी (वाळून कडक होणारी राळ) बाल्सात मुरू दिली, वरून टूथपेस्टइतकी घट्ट केलेली भरली. दुसऱ्या दिवशी नवी भोकं. ती जुन्या जागी नव्हतीच. नव्या संचाची 6 मिलिमीटर पुढे. त्या निमित्ताने सगळीच जुनी भोकं बुजली, हे बरंच झालं.

भोकं पाडण्याआधी संच डेकवर नुसता ठेवून, दोर ओढून, विंचवर वेढे घालून पाहिलं. नवा क्लच जुन्यापेक्षा उंच आहे. दोर विंचच्या ड्रमवर किंचित खालून यायला हवा. वरून आला तर वेढ्यावर वेढा चढतो आणि सुटत नाही. माझा जेमतेम बसला.

भोकाच्या वरच्या तोंडाला हलकी खोलवट कड कापून त्यात ब्यूटाइल (पाणी अडवणारं मऊ, चिकट रबर) भरलं. कसताना वरचा बोल्ट स्थिर धरायचा आणि खालचा नट फिरवायचा, म्हणजे सील पिळवटत नाही. रविवारी भाचा आला नव्हता, तेव्हा तिसरा बोल्ट मी वरूनच फिरवला.

दोराचं काय?

नवा हॅलियार्ड घेण्याऐवजी जुन्यावरच जादा कवच चढवलं, जाडी 12 पर्यंत आणली. आधी दीड मीटर लांब कवच घालणार होतो, म्हणजे शीड पूर्ण चढलेलं असताना क्लच धरतो तेवढीच जागा. मग लक्षात आलं की पहिला रीफ घेतला की हॅलियार्ड जवळपास तेवढाच पुढे सरकतो आणि क्लच वेगळ्या जागी चावतो. म्हणून साडेतीन मीटर घातलं, टोकं निमुळती करून शिवली. शीड उतरवलं की हा जाड भाग डेकवरच्या आणि डोलकाठीतल्या कप्प्यांमधून जातो. मूळ दोर 12 चाच होता, म्हणून तो बसतो. तुमच्या कप्प्या अरुंद असतील तर कवच शिवण्याआधी त्या मोजा.

काल

तीच चाचणी, तोच ताण. क्लच बंद करताच 9 मिलिमीटर सरकला. तासाभरानेही एकूण 9 च. रीफ घेऊन पुन्हा ताणला, 11. ताणलेला क्लच सोडताना मात्र जुनीच शिस्त ठेवली आहे: आधी भार विंचवर घ्यायचा, मग मूठ उचलायची. दोर मोकळा सुटला तर तळहाताची कातडी जाते आणि कवचही वितळतं.

रात्री जोरदार पाऊस झाला. झोपण्याआधी अस्तर उघडून प्रत्येक बोल्टखाली टिश्यूपेपर चिकटवला होता. सकाळी पाच कोरडे निघाले. तिसऱ्याखालचा ओला. भाच्याला फोन केलाय, शनिवारी येतो म्हणाला.